पहिली पाच मिनिटे शिक्षकांच्या हाती द्या: शाळाप्रमुखांना खुले पत्र

माननीय मुख्याध्यापक, संस्थाचालक आणि शाळेतल्या संगणकांची देखभाल ठरवणारे सर्वजण,

सप्रेम नमस्कार.

शाळांमधले संगणक, प्रोजेक्टर आणि प्रिंटर दुरुस्त करणारे आम्ही काही तंत्रज्ञ हे पत्र लिहीत आहोत. प्रश्न एकच आहे. वर्गात यंत्र अडले, तर पहिली पाच मिनिटे त्याला हात कोणी लावायचा?

सध्याचे उत्तर ठरलेले असते: शिक्षकांनी छेडछाड करू नये, तंत्रज्ञाला कळवावे. हा नियम चांगल्या हेतूनेच केला असणार. पण त्यामुळे होते असे, की सोर्सचे एक बटण दाबायचे राहिले म्हणून अख्खा तास जातो, आणि तंत्रज्ञ पोहोचतो तेव्हा वर्ग रिकामा, यंत्र बंद आणि वहीत नोंद असते: 'कॉम्प्युटर चालत नाही'. या नोंदीवरून कोणालाच काही कळत नाही. वर्गात तास अडवणाऱ्या कितीतरी गोष्टींना बिघाड म्हणताच येत नाही. कुठेतरी जोडणी सैल असते, एखादे सेटिंग सरकलेले असते, नाहीतर यंत्र आठवडाभर खऱ्या अर्थाने बंदच झालेले नसते. यातल्या कशालाही स्क्रू ड्रायव्हर लागत नाही.

म्हणून आमची मागणी अशी: या पाच मिनिटांपुरती शिक्षकांना लेखी परवानगी द्या, हाताशी सुट्या केबली वगैरेंचा एक डबा द्या आणि संगणकावर नेमके तेवढे अधिकार द्या. परवानगी म्हटली की आपल्याला धास्ती वाटेल. त्यासाठीच शिक्षकांनी काय करायचे आणि कुठे थांबायचे, हे खाली तपशिलाने लिहिले आहे.

सुरुवात प्रोजेक्टरपासून करू, कारण सर्वांत जास्त तास तोच खातो. 'चित्र येत नाही' या एका तक्रारीमागे चार-पाच वेगळी कारणे असतात आणि पडद्याकडे नीट पाहिले तर ती ओळखता येतात. पडदा काळा आणि प्रोजेक्टरवर एकही दिवा नाही, म्हणजे वीजच पोहोचलेली नाही. भिंतीवरचे बटण, एक्स्टेंशन बोर्डाचे बटण आणि यंत्रामागे खुपसलेली जाड वायर, या क्रमाने पाहावे. ही वायर अर्धवट बसली असली तरी लांबून नीटच दिसते; अंगठ्याने दाबल्यावर कळते. दिवा लागलाय पण पडदा काळाच आहे, तर भिंगावरचे झाकण किंवा सरकती पट्टी बंद आहे, नाहीतर रिमोटवरचे 'ब्लँक' अथवा 'एव्ही म्यूट' दाबले गेले आहे. पडदा निळा आणि त्यावर 'नो सिग्नल' असेल, तर प्रोजेक्टर ठणठणीत आहे, फक्त चुकीच्या दारात वाट बघतोय. 'सोर्स' किंवा 'इनपुट' दाबून, केबल ज्या खाचेत आहे तिचेच नाव निवडायचे. एचडीएमआय १ आणि एचडीएमआय २ या दोन वेगळ्या खाचा असतात. चित्र आहे, पण लॅपटॉपवर पान पुढे नेले तरी पडद्यावर हलत नाही, हे 'फ्रीझ' बटणाचे काम. यात लॅपटॉप हँग झाला असे समजून त्यालाच पुन्हा पुन्हा बंद-चालू केले जाते. बिचाऱ्याचा काही दोष नसतो.

सोर्स बरोबर असूनही चित्र नसेल, तर लॅपटॉपकडे वळावे. विंडोज बटण दाबून धरून पी दाबले की चार पर्याय येतात. 'पीसी स्क्रीन ओन्ली'मध्ये चित्र लॅपटॉपवरच राहते. 'डुप्लिकेट'मध्ये दोन्हीकडे सारखे दिसते, आणि वर्गासाठी बहुतेक वेळा हेच हवे असते. 'एक्स्टेंड'मध्ये पडदा हा लॅपटॉपचा वाढीव भाग होतो. त्यावर नुसता वॉलपेपर दिसतो आणि फाइल उघडतच नाही असे वाटते. फाइल उघडलेली असते, पण लॅपटॉपच्या बाजूला. 'सेकंड स्क्रीन ओन्ली' पडले तर लॅपटॉप काळा होतो आणि घाबरगुंडी उडते. या चारांपैकी कोणताही पर्याय निवडल्याने काहीही पुसले जात नाही, हे शिक्षकांना एकदा आवर्जून सांगा.

एचडीएमआयच्या दोन टोकांची यंत्रे चित्र पाठवण्यापूर्वी आपसांत माहिती देतात-घेतात: पडदा केवढा, रिझोल्यूशन किती. ही देवाणघेवाण मध्येच तुटली तर केबल शाबूत असूनही चित्र येत नाही. एक टोक काढावे, १० सेकंद थांबावे आणि पुन्हा घट्ट बसवावे. त्यानेही जमले नाही तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकदम दाबावीत. पडदा क्षणभर काळा होतो, बीप वाजते आणि चित्राचा ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावरचे चित्र हाताळणारा प्रोग्रॅम, नव्याने सुरू होतो. उघडलेल्या फाइली आहेत तशा राहतात. छतावरच्या प्रोजेक्टरपर्यंत टाकलेली केबल किती लांब आहे, हे मात्र व्यवस्थापनाने पाहायचे आहे. साधी एचडीएमआय केबल १० ते १५ मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही. चित्र मधूनच जाते, ठिपके चमकतात, आणि वर्षभर दोष लॅपटॉपला दिला जातो.

जुन्या वर्गांत अजून निळ्या डोक्याची, दोन स्क्रूंची व्हीजीए केबल असते. तिच्याबाबतीत रंगच दुखणे सांगतो. पहिल्या तीन पिना अनुक्रमे लाल, हिरवा आणि निळा रंग नेतात. पांढरे पान पिवळे दिसू लागले तर निळ्याची पिन लागत नाही, जांभळट गुलाबी दिसले तर हिरव्याची, आणि हिरवट निळे दिसले तर लालची. स्क्रू घट्ट पिळले की बऱ्याचदा रंग परत येतात. टोक काढून आत डोकावले आणि एखादी पिन वाकलेली दिसली, तर तशीच जोराने खुपसू नये. ती मोडते आणि कधीकधी प्रोजेक्टरच्या खाचेतच अडकून बसते. आणखी एक गोष्ट. १५ पिनांच्या तीन ओळींपैकी मधल्या ओळीत पुष्कळ केबलींना एक पिन मुळातच नसते. ती पडली म्हणून केबल टाकून देऊ नका. व्हीजीएमधून आवाज जात नाही, त्यासाठी वेगळी वायर लागते. एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा अडॅप्टर एकाच दिशेने चालतो; उलटा लावला तर कधीच चालणार नाही. तो घेताना लॅपटॉपला कोणती खाच आहे आणि प्रोजेक्टरला कोणती, हे कागदावर लिहून मगच घ्यावा.

प्रोजेक्टर १५-२० मिनिटांनी आपोआप बंद पडतो आणि 'टेंप' नावाचा दिवा लाल होतो, तेव्हा तो तापलेला असतो. हवा खेचणाऱ्या जाळीवर खडूची धूळ बसलेली असते. ज्या वर्गात खडू वापरतात तिथे जाळी सत्रातून एकदा साफ करणे कमीच पडते. महिन्यातून एकदा मऊ ब्रशने झाडून घ्यावी, तीही प्रोजेक्टर बंद आणि गार असताना. दिव्याचा प्रोजेक्टर बंद केल्यावर त्याचा पंखा काही वेळ फिरत राहतो. तो थांबण्याआधी भिंतीवरचे बटण बंद केले तर आतली उष्णता आतच कोंडते आणि दिव्याचे आयुष्य घटते. शाळा सुटल्यावर सगळी बटणे एका फेरीत बंद करणाऱ्या शिपायांना ही गोष्ट कोणी सांगितलेली नसते.

डेस्कटॉप असेल तर आणखी एक चकवा आहे. मागच्या बाजूला चित्राच्या खाचा दोन ठिकाणी असू शकतात: वर यूएसबीच्या खाचांजवळ एक, आणि खाली आडव्या पट्टीत एक. खाली चित्रासाठीचे वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल तिथेच लावायची. झाडलोट करताना निघालेली केबल वरच्या खाचेत लावली गेली की संगणक चालू होतो, पंखा फिरतो आणि मॉनिटर मात्र आंधळा राहतो. मॉनिटरवरचा छोटा दिवाही वाचता येतो. दिवाच नाही, तर वीज नाही. नारिंगी किंवा लुकलुकता असेल तर वीज आहे, पण सिग्नल नाही.

आता रीस्टार्टविषयी. 'बंद करून चालू करा' या सल्ल्याची चेष्टा होते, तरी तो खरा आहे. फक्त तो नीट पाळला जात नाही. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली आणि ती बहुतेक यंत्रांवर चालूच असते. 'शट डाउन' केल्यावर विंडोज आपला गाभा डिस्कवर साठवून झोपते आणि सकाळी तोच गाभा उचलून पुन्हा उभी राहते. त्यामुळे ड्रायव्हरमध्ये अडकलेली गोष्ट दुसऱ्या दिवशीही अडकलेलीच असते. 'रीस्टार्ट' मात्र सगळे नव्याने लोड करते. म्हणजे रोज संध्याकाळी इमानेइतबारे बंद होणारा संगणक महिनोन् महिने ताजा झालेलाच नसतो. हे तपासताही येते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि 'परफॉर्मन्स'मध्ये सीपीयूखाली 'अप टाइम' पाहावा. रोज बंद होणाऱ्या यंत्रावर तिथे १९ दिवस असे काही दिसले, की रीस्टार्ट कधी झाला नाही हे समजायचे. शिफ्ट दाबून धरून 'शट डाउन' केले तरी पूर्ण बंद होते.

एखादाच प्रोग्रॅम गोठला असेल तर सगळे यंत्र बंद करायची गरज नाही. टास्क मॅनेजरमध्ये त्याचे नाव निवडून 'एंड टास्क' करावे. खालची पट्टी आणि आयकॉन नाहीसे झाले असतील तर त्याच यादीत 'विंडोज एक्स्प्लोरर' निवडून 'रीस्टार्ट' करावे. ५ सेकंदांत सगळे परत येते. काहीच हलत नसेल, तर पॉवर बटण १० सेकंद दाबून धरणे हा शेवटचा उपाय. त्यात न साठवलेले काम जाते, म्हणून तो शेवटचा. चार्जर लावूनही लॅपटॉप अजिबात उठत नसेल, तर आधी चार्जरच्या भिंतीवरच्या बटणाकडे पाहावे, आणि ते चालू असेल तर चार्जर काढून पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरावे, मग चार्जर लावून पुन्हा प्रयत्न करावा. आत अडकून राहिलेला विद्युतभार निघून गेला की पुष्कळदा यंत्र जागे होते.

आवाजाचे दुखणे बहुधा एचडीएमआयशी बांधलेले असते. ही केबल आवाजही नेते, त्यामुळे ती लावताच लॅपटॉप आवाज प्रोजेक्टरकडे पाठवू लागतो. प्रोजेक्टरला स्पीकर नसेल किंवा त्याचा आवाज शून्यावर असेल, तर वर्गात शांतता. खालच्या पट्टीवरच्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आवाज कुठे पाठवायचा ते निवडावे, आणि तिथे लॅपटॉपचा किंवा वर्गातला स्पीकर घ्यावा. विंडोज ११च्या नव्या आवृत्त्यांत विंडोज, कंट्रोल आणि व्ही दाबले तरी हीच यादी उघडते. एवढ्याने भागले नाही तर आवाजाची चार दारे एकामागून एक पाहायची: व्हिडिओचे स्वतःचे म्यूट, ब्राउझरच्या टॅबचे म्यूट, विंडोजचा आवाज आणि स्पीकरवरची फिरकी. डेस्कटॉपवर स्पीकरची वायर हिरव्या खाचेत जाते. गुलाबी खाच माइकची असते. स्पीकरमधून सतत गुणगुण येत असेल आणि लॅपटॉपचा चार्जर काढताच ती थांबत असेल, तर दोष विजेच्या जोडणीत आहे. तो आम्हाला कळवा. तोवर व्हिडिओपुरता चार्जर काढून ठेवला तरी चालते.

स्पर्शाने चालणाऱ्या फलकाबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज असतो. चित्राची केबल लावली की स्पर्श आपोआप चालेल, असे सगळे धरून चालतात. पुष्कळ फलकांना चित्रासाठी एक केबल आणि स्पर्शासाठी दुसरी, यूएसबीची, अशा दोन लागतात. चित्र येते पण बोट लावून काही होत नाही, तर यूएसबी पाहावी. यूएसबी २ची साधी केबल ५ मीटरपर्यंतच धरते. त्यापुढे दोन एक्स्टेंशन जोडून गाडा हाकला तर स्पर्श कधी लागतो, कधी लागत नाही. तिथे वीज घेऊन सिग्नल पुढे ढकलणारी केबल लागते. बोट एकीकडे आणि बाण दुसरीकडे उमटत असेल तर फलकाच्या सॉफ्टवेअरमधून 'कॅलिब्रेट' करावे. आणि फलकावर बोट लावले असता बाण लॅपटॉपवर हलत असेल, तर 'एक्स्टेंड' चालू आहे. 'डुप्लिकेट' करावे, किंवा कंट्रोल पॅनेलमधल्या 'टॅब्लेट पीसी सेटिंग्ज'मध्ये 'सेटअप' निवडून कोणता पडदा स्पर्शाचा आहे ते विंडोजला बोटानेच दाखवावे.

नेट नसल्याची तक्रार आली की सगळे राउटरकडे धावतात. त्याआधी एवढेच विचारावे: एकाच संगणकावर नाही, की सगळीकडे नाही? एकावरच नसेल तर त्याची लॅन केबल काढून पुन्हा लावावी; 'टक्' असा आवाज आला पाहिजे. केबलच्या टोकावरची प्लास्टिकची जीभ तुटली असेल तर ती आज बसेल आणि उद्या निसटेल. केबलच बदला. खाचेजवळचे बारीक दिवे लागले का ते पाहावे. लॅपटॉपवर एअरप्लेन मोड चुकून लागलेला नाही ना, हेही पाहावे. कमांडच्या काळ्या खिडकीत 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा दिल्यावर पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर संगणकाला नेटवर्ककडून पत्ताच मिळालेला नाही आणि त्याने स्वतःच एक घेऊन टाकला आहे. हा आकडा वहीत लिहिला, तर आमचे अर्धे काम झालेले असते.

सगळीकडेच नेट नसेल तर मोडेम (बाहेरून नेट आत आणणारा) आणि राउटर (ते नेट शाळेत वाटणारा) दोन्ही बंद करावेत, ३० सेकंद थांबावे, आधी मोडेम चालू करावा, त्याचे दिवे स्थिर झाले की राउटर, आणि मग दोन मिनिटे कोणी काही दाबू नये. मागे एखादे 'रीसेट' असे बारीक छिद्र असते. त्यात टाचणी घालू नये, कारण त्याने राउटर सगळी माहिती विसरतो आणि नेट पुन्हा येण्याऐवजी जातेच.

संगणक कक्षात मात्र एक विलक्षण प्रकार घडतो. साफसफाईनंतर लॅन केबलचे एक टोक लोंबकळत असते. कोणीतरी सद्हेतूने ते त्याच स्विचच्या, म्हणजे सगळ्या लॅन केबली एकत्र जोडणाऱ्या पेटीच्या, रिकाम्या खाचेत खुपसतो. केबलची दोन्ही टोके आता एकाच स्विचमध्ये आहेत. साध्या स्विचला हे वर्तुळ कळत नाही. एकदा आलेला संदेश तो गोल गोल फिरवत राहतो, त्याच्या प्रती वाढत जातात आणि काही सेकंदांत पूर्ण शाळेचे नेटवर्क गुदमरते. खूण अशी: स्विचचे सगळे दिवे एका लयीत, वेड्यासारखे लुकलुकतात. शेवटची लावलेली केबल काढली की सगळे शांत. यावर उपाय म्हणून प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना सारख्याच आकड्याची चिठ्ठी लावा. तासाभराचे काम आहे, पण ते झाल्यावर हा प्रकार पुन्हा सहसा होत नाही.

नेट आहे, वाय-फायचे चिन्ह भरलेले आहे, तरी प्रत्येक संकेतस्थळ 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून अडते, तेव्हा कोपऱ्यातल्या तारखेकडे बघा. ती काही वर्षे मागे गेलेली असते. सुरक्षित संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांना मुदत असते आणि संगणकाच्या तारखेवरून ती ताडून पाहिली जाते. तारीख चुकली की चांगले प्रमाणपत्रही खोटे ठरते. तारीख दुरुस्त केली की तास सुरू होतो. पण वीज गेल्यावर दुसऱ्या दिवशी ती पुन्हा मागे गेली, तर मदरबोर्डवरचा, म्हणजे संगणकातल्या मुख्य सर्किट बोर्डवरचा, सीआर २०३२ नावाचा ३ व्होल्टचा नाण्याएवढा सेल संपला आहे. तो आम्ही बदलू.

कीबोर्डची कुरबूर झटपट सांगून टाकतो. आकडे उमटत नाहीत, तर नम लॉक. लिहिताना पुढचे अक्षर खाल्ले जाते, तर इन्सर्ट. मुलांनी शिफ्ट सलग पाचदा दाबला की 'स्टिकी कीज'ची खिडकी येते, आणि उजवा शिफ्ट ८ सेकंद धरून ठेवला की 'फिल्टर कीज' सुरू होऊन कीबोर्ड सुस्तावतो. इंग्रजी दाबले की देवनागरी उमटते किंवा उलट, तर विंडोज आणि स्पेसबार. पडदा आडवा किंवा उलटा झाला तर डिस्प्ले सेटिंग्जमधले 'ओरिएंटेशन' पुन्हा 'लँडस्केप' करावे. पानावरची अक्षरे अचानक प्रचंड झाली तर कंट्रोल आणि शून्य. बिनतारी माउस अडखळत असेल आणि सेल नवा असेल, तर त्याचा छोटा रिसीव्हर यूएसबी ३च्या, बहुधा निळ्या, खाचेत किंवा तिच्या शेजारी आहे का पाहावे. त्या खाचेत पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क चालू असताना माउसच्याच लहरींमध्ये गोंधळ उठतो. रिसीव्हर दूरच्या खाचेत लावला की माउस सुधारतो.

प्रिंटरबाबत तीनच गोष्टी. कागद अडकला तर तो ज्या दिशेने पुढे सरकतो त्याच दिशेने, दोन्ही हातांनी, हळू ओढावा आणि बाहेर आल्यावर कोपरे मोजावेत. एखादा तुकडा आत राहिला तर प्रत्येक पान तिथेच अडणार. दुसरे, छापायला दिलेले पान भलत्याच प्रिंटरकडे जाते, कारण विंडोजला 'डीफॉल्ट प्रिंटर तूच ठरव' अशी मुभा असते आणि ती शेवटी वापरलेला प्रिंटर धरते. ही मुभा सेटिंग्जमधून काढून टाका. तिसरे, रांगेतले एक काम अडले आणि 'डिलीट' करूनही जात नाही, तर छापायच्या कामांची रांग सांभाळणारी 'प्रिंट स्पूलर' ही विंडोजची सेवा थांबवून, विंडोजच्या सिस्टिम३२मधल्या स्पूल फोल्डरातल्या 'प्रिंटर्स' या फोल्डरमधल्या फाइली पुसून, सेवा पुन्हा सुरू करावी लागते. याला प्रशासकाचा अधिकार लागतो. त्याकडे पुढे येतो. जाता जाता: लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका. छापताना त्याचा तापक एकदम इतकी वीज ओढतो की यूपीएस भार सोडून देतो आणि सोबतचे संगणकही बंद पडतात.

पेन ड्राइव्ह लावल्यावर 'फॉरमॅट करायचे का?' असे विचारले, तर 'कॅन्सल'. नेहमी 'कॅन्सल'. फाइली बऱ्याचदा आत शाबूत असतात आणि त्या परत काढता येतात. फॉरमॅटनंतर ते काम अवघड होते. फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसू लागले तर त्यांवर क्लिक करू नये. हा व्हायरस खरे फोल्डर लपवतो आणि शॉर्टकट उघडला की त्या संगणकातही शिरतो. पेन ड्राइव्ह काढून बाजूला ठेवावा, वहीत लिहावे. सादरीकरणातली देवनागरी दुसऱ्या संगणकावर कचऱ्यासारखी दिसत असेल तर ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या लिपी-पद्धतीत, लिहिलेली नाही आणि तो जुना फॉन्ट तिथे नाही. घरून येतानाच पीडीएफ प्रत सोबत आणणे हा खात्रीचा इलाज.

आता थांबायचे कुठे. जळका वास, धूर, ठिणगी किंवा धातूच्या पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या यांपैकी काहीही झाले तर यंत्राला हात लावायचा नाही. भिंतीवरचे किंवा वर्गाचे मुख्य बटण बंद करायचे आणि मुलांना मागे घ्यायचे. संगणकाचा वीजपुरवठ्याचा डबा आणि यूपीएस शिक्षकांनी उघडू नये. वायर काढल्यावरही आत धोका असतो. लॅपटॉपची बॅटरी फुगून खालची बाजू वर आली असेल तर तो चार्ज करू नये, दाबू नये. प्रोजेक्टरचा दिवा बदलणे आमच्याकडे ठेवा. पुष्कळ दिव्यांत पारा असतो आणि वापरल्यानंतर ते बराच वेळ भाजण्याइतके तापलेले असतात. मदरबोर्ड, रॅम, डिस्क यांपैकी काहीही पाच मिनिटांच्या कामात येत नाही.

या सगळ्याला एक शिस्त लागते: एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल, खाच आणि सेटिंग एकदम बदलले आणि चित्र आले, तर कशाने आले ते कळत नाही आणि पुढच्या आठवड्यात तेच पुन्हा. शंका केबलवर असेल तर शेजारच्या वर्गातली चालू केबल आणून लावावी. ती इथे चालली तर आपली केबल खराब. नाही चालली तर दोष केबलखेरीज दुसरीकडे आहे.

अदलाबदल करायला काहीतरी हाताशी हवे. मजल्यागणिक एक डबा ठेवा. त्यात एक तपासलेली एचडीएमआय केबल, एक व्हीजीए केबल, शाळेतल्या लॅपटॉपांना लागणारा अडॅप्टर, संगणक-मॉनिटरची एक जाड वीज वायर, दोन मीटरची लॅन केबल, आवाजाची ३.५ मिलिमीटरची वायर, वायरवाला माउस आणि कीबोर्ड, प्रोजेक्टरच्या रिमोटचे सेल, मऊ ब्रश, कोरडे मऊ कापड आणि छोटी विजेरी असावी. डब्याला कुलूप नको. वस्तू जातील, ही भीती असते. प्रत्येक वस्तूवर रंगीत पट्टी चिकटवा आणि झाकणाच्या आत यादी लावा. खराब निघालेली केबल डब्यात परत टाकायची नाही, तिच्या टोकाला गाठ मारून वेगळी ठेवायची. हे फार महत्त्वाचे आहे. डब्यातच मेलेली केबल असली तर अदलाबदलीचे उत्तर चुकीचे येते.

अधिकारांचे पाहू. शिक्षकांना प्रशासकाचा पासवर्ड द्या असे आम्ही म्हणत नाही; देऊच नका. पण साध्या खात्यातून संगणकाची तारीखही बदलता येत नाही आणि स्पूलरही सुरू होत नाही. तारीख-वेळ बदलण्याचा अधिकार विंडोजच्या सुरक्षा धोरणातून वेगळा देता येतो, आणि स्पूलर साफ करण्याचे काम एका आयकॉनमागे बांधून देता येते. देखभालीच्या करारात या दोन गोष्टी लिहून मागा. तंत्रज्ञाचा अर्धा दिवस जाईल. अपडेटसाठी 'अॅक्टिव्ह अवर्स' शाळेच्या वेळेवर लावून घ्या. ते १८ तासांपर्यंत लावता येतात, म्हणजे तासाच्या मध्यात यंत्र स्वतःहून रीस्टार्ट होणार नाही. आणि आठवड्यातून एका संध्याकाळी संगणक चालू ठेवा, नाहीतर अडलेले अपडेट सोमवारी सकाळी सगळे एकदम सुरू होतात आणि नेटही त्यांनीच खाऊन टाकलेले असते.

शेवटी वही. 'चालत नाही' या नोंदीऐवजी पाच रकाने ठेवा: यंत्राचा क्रमांक, वेळ, पडद्यावरचे वाक्य जसेच्या तसे किंवा त्याचा फोटो, कोणते दिवे लागले होते, आणि काय करून पाहिले. शेवटचा रकाना भरलेला असेल तर आम्ही तीच पायरी पुन्हा चढत नाही. आणि 'शिक्षकाने केबल काढून लावली' ही नोंद चूक म्हणून वाचली जाणार नाही, हे आपल्या सहीच्या परिपत्रकात स्पष्ट लिहा. ही एक ओळ नसेल तर कोणी खरे लिहिणार नाही, आणि वही पुन्हा पहिल्यासारखीच भरेल.

आपले,
वर्गातली यंत्रे दुरुस्त करणारे काही तंत्रज्ञ

ता. क. प्रोजेक्टरचा रिमोट चालत नाही, म्हणून नवा मागवण्याआधी त्याचे पुढचे टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश कॅमेऱ्यात फिकट जांभळा लुकलुकताना दिसला, तर रिमोट जिवंत आहे. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर पुढच्या कॅमेऱ्याने पाहा, कारण काही फोनचा मागचा कॅमेरा तो प्रकाश गाळून टाकतो. दोन्हीत काहीच दिसले नाही, तर आधी सेल बदला.